डेपोच्या कडेचा पालक आणि फुकटची माती

हवेली तालुक्यातल्या एका शेतकरी ताईंचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नका म्हणाल्या आहेत. मजकूर थोडक्यात असा:

"आमचं पावणेदोन एकर काळं रान कचरा डेपोच्या खालच्या अंगाला आहे, मध्ये अर्धा किलोमीटरही अंतर नाही. पालक, मेथी, कोथिंबीर करतो, जुड्या बांधून बाजाराला पाठवतो. पावसाळ्यात डेपोकडून येणाऱ्या ओढ्याचं काळं पाणी खालच्या पट्ट्यात शिरतं. तिथला पालक आता पिवळा पडतो, कडा करपतात. माती तपासली तर पत्रिकेत सगळं ठीक आलं. सध्या डेपोवर जुना कचरा गाळायचं काम चालू आहे. तिथला ठेकेदार गाळलेली काळी माती खत म्हणून फुकट रानात आणून टाकायला तयार आहे. गावातले एक जण म्हणतात, मोहरी पेरा, ती विष ओढून घेते. घरात तीन वर्षांची नात आहे, दोन म्हशी आहेत. पालक विकावा की नाही, ती माती घ्यावी की नाही, आणि तपासणी नेमकी कुठली करून घ्यावी?"

ताई, तातडीचे आधी सांगतो. ती माती घेऊ नका, एक ट्रॉलीसुद्धा नको. ओढ्याचे पाणी शिरते त्या पट्ट्यातली पालेभाजी अहवाल हातात येईपर्यंत बाजारात पाठवू नका आणि घरातही शिजवू नका. वरच्या पट्ट्यातली विकायला हरकत नाही, पण जुड्या ओढ्यात किंवा ओढ्याचे पाणी पाझरून भरलेल्या खड्ड्यात बुचकळणे आजपासून बंद करा. मुळासकट उपटलेल्या पालकाच्या जुडीत देठांच्या बेचक्यात किती चिखल बसतो, ते तुम्ही रोज पाहता. ओढ्याच्या गढूळ पाण्यात जुडी बुडवली की आधीची माती निघते आणि त्या जागी ओढ्याचा गाळ बसतो. शिसे, कॅडमियम यांसारखे विषारी जड धातू विरघळलेल्या रूपात असतात त्याहून कितीतरी जास्त या बारीक गाळाला चिकटलेले असतात. पालक जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर वर कापा, मुळे रानातच राहू द्या आणि जुड्या नळाच्या किंवा टँकरच्या पाण्याने दोनदा धुवा.

आता फुकटच्या मातीचे. पुण्याचे उरुळी देवाची-फुरसुंगी असो, मुंबईचे देवनार असो की नागपूरचे भांडेवाडी, जुन्या डेपोंवर वर्षानुवर्षे ओला-सुका सगळा कचरा एकत्रच पडत आला. त्यात बॅटऱ्या होत्या, रंगाचे डबे होते, सोल्डर लावलेल्या सर्किटच्या पाट्या होत्या, ट्यूबलाइट होत्या, क्रोमने कमावलेल्या चामड्याचे तुकडे होते. जुन्या प्लॅस्टिकच्या पिवळ्या-लाल रंगांत कॅडमियम आणि शिसे असायचे. भंगारवाले तांब्यासाठी वायरी जाळत, त्याची राखही तिथेच राहिली. बायोमायनिंगमध्ये, म्हणजे जुना कचरा गाळायच्या कामात, हा ढीग फिरत्या चाळणीतून काढतात. मोठे प्लॅस्टिक, कापड, दगड बाजूला पडतात आणि छिद्रांतून जे खाली पडते तीच ही काळी माती. ती दिसते कुजलेल्या शेणखतासारखी, वासही मातीचाच येतो, म्हणून माणूस फसतो. पण ढिगातला पाला, अन्न, कागद इतक्या वर्षांत कुजून हवेत आणि पाण्यात गेला. धातू कुजत नाहीत, उडूनही जात नाहीत. मूळ कचरा जेवढा आटला, तेवढे त्यातल्या धातूंचे प्रमाण वाढले. शिवाय बॅटरीची भुकटी, रंगाचे पापुद्रे, काचेचा चुरा हे बारीक असल्यामुळे चाळणीखालीच येतात.

हिशेब मांडून पाहा. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे ७ लाख ९० हजार किलो भरते. ही गाळलेली माती एकरी २० टन टाकली आणि तिच्यात किलोमागे ३०० मिलिग्रॅम शिसे असले, तर एका वेळी ६ किलो शिसे रानात आले. संपूर्ण थरात मिसळल्यावर ही वाढ किलोमागे साडेसात मिलिग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटते. पण दरवर्षी टाकत गेलात तर चार-पाच वर्षांत स्वच्छ रानातल्या मूळ शिशाइतकी भर पडते, आणि पडलेली भर काढून घेता येत नाही. नापीक जमीन पुढे सुधारता येते. शिसे पडलेली जमीन नातवंडांच्या काळातही तशीच राहते. या मातीत क्षारही भरपूर असतात, तो आणखी वेगळा त्रास.

ठेकेदार "हे खतच आहे" म्हणाला तर त्याच्याकडे लेखी अहवाल मागा. कचऱ्यापासून केलेले खत विकायचे तर खत नियंत्रण आदेशात सिटी कंपोस्टच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. किलोमागे मिलिग्रॅममध्ये त्या अशा: शिसे १००, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, तांबे ३००, जस्त १०००, आर्सेनिक १०, पारा ०.१५. तुमच्या रानात येणाऱ्या त्याच लॉटचा, तारीख असलेला अहवाल हवा. डेपोच्या दुसऱ्या टोकाचा किंवा गेल्या वर्षीचा कागद चालणार नाही, कारण ढीग पाच मीटरवर बदलतो. आणि समजा अहवाल मर्यादेत आला, तरी पालेभाजीच्या रानात तो माल टाकू नये असेच आमचे मत आहे. ही मर्यादा पिशवीतल्या खतासाठी आहे, जे एकरी थोडेच पडते. ट्रॉल्यांनी ओतायच्या भरावासाठी ती काढलेली नाही.

मृदा आरोग्य पत्रिकेत सगळे ठीक आले, याचे कारण साधे आहे. त्या पत्रिकेत १२ गोष्टी पाहतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. शिसे, कॅडमियम, निकेल, क्रोमियम त्यात नाहीतच. जस्त-तांबे पाहतात तेही डीटीपीए नावाच्या द्रावणात सुटून येणारे, म्हणजे पिकाला किती मिळते आणि कमी पडते का, एवढ्यापुरते. जास्त झाले आहे का, हा प्रश्न त्या तपासणीने विचारलेलाच नाही.

पालक पिवळा पडतो याचा अर्थ मात्र धातूच आहेत असा लगेच काढू नका. डेपोच्या काळ्या पाण्यात, म्हणजे लीचेटमध्ये, धातूंहून कितीतरी पटीने जास्त असतात ते क्षार आणि अमोनिया. कडा करपणे हे बहुधा क्षारांचे काम असते. पालक खारटपणा बऱ्यापैकी सोसतो. त्याच्या कडा करपत असतील तर त्या पाण्यात क्षार बरेच असावेत. नवीन पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहत असतील, तर चुनखडीच्या किंवा पाणी साचणाऱ्या रानात लोह मिळत नाही असे समजा. उलटी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पानात कॅडमियम खाण्याच्या मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट झाले, तरी पालक टवटवीत, गर्द हिरवा दिसू शकतो. रोपाला इजा व्हायला जेवढे कॅडमियम लागते, त्याहून फार कमी प्रमाणात ते खाणाऱ्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरते. म्हणून पालक चांगला दिसतो एवढ्यावर समाधान मानू नका.

तपासणीत पैसा जातो, तेव्हा कमीत कमी नमुन्यांत जास्तीत जास्त कळेल असे पाहू. तुम्हाला पाच नमुने पुरतील: पाणी शिरते त्या पट्ट्याची माती, डेपोपासून दूर, ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या कुणाच्या तरी तशाच काळ्या रानाची माती, खालच्या पट्ट्यातला न धुतलेला पालक, तोच पालक नीट धुतलेला, आणि विहिरीचे पाणी. दूरच्या रानाचा नमुना लोक हमखास वगळतात आणि तिथेच फसगत होते. आपली काळी माती बेसाल्ट झिजून झाली आहे आणि बेसाल्टमध्ये तांबे, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त असतात. प्रयोगशाळा अहवालाखाली बहुतेक वेळा युरोपातले आकडे मर्यादा म्हणून छापते. त्या आकड्यांशी ताडले तर डेपो नसलेल्या गावातले रानही तांब्या-निकेलने दूषित ठरेल. दूरच्या रानाचा आकडा शेजारी असला की आपल्याकडचे मूळचे किती आणि डेपोचे किती, हे लगेच कळते. शिसे आणि कॅडमियम बेसाल्टमध्ये कमी असतात. त्यामुळे डेपोचा माग काढायला हे दोन धातू सगळ्यात उपयोगी. पैसे अगदीच कमी असतील तर तेवढे दोनच मोजून घ्या.

माती काढताना लोखंडी पत्र्याचे घमेले वापरू नका. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. पितळी चाळण, रंग उडालेले खुरपे, खताची जुनी गोणी हेही नको. स्टीलचा मोठा चमचा किंवा लाकडी फळी, प्लॅस्टिकची बादली आणि नवी कोरी पिशवी घ्या. वरचा पालापाचोळा बाजूला करून १५ सेंटिमीटरपर्यंत इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करा आणि त्याच्या एका बाजूची बोटभर जाडीची चीर वरपासून खालपर्यंत काढा. पट्ट्यात नागमोडी फिरत अशा १२ ते १५ जागा घ्या. बांधाची कड, उकिरड्याची जागा, रस्त्यालगतचे दोन-तीन मीटर सोडा. सगळी माती बादलीत मिसळून गोल ढीग करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेले पुन्हा मिसळा, अर्धा किलो उरेपर्यंत असेच करा. सावलीत कागदावर वाळवा. ओढ्याला लागून जिथे गाळ साचतो ती जागा याच नमुन्यात मिसळू नका. जमले तर तिचा सहावा नमुना करा, कारण सगळ्यात जास्त आकडा तिथेच येईल.

पालकाचा नमुना किमान दहा ठिकाणच्या रोपांचा, एकूण किलोभर घ्या, बाजारात पाठवता तेवढाच भाग. त्याचे दोन सारखे वाटे करा. एक तसाच द्या. दुसरा घरी धुता तसा तीन पाण्यांतून काढून, शेवटचे पाणी शुद्ध केलेले वापरून, निथळून द्या. या दोन आकड्यांतल्या फरकावर पुढचा सगळा उपाय ठरतो, म्हणून हा खर्च टाळू नका. शिसे मुळातून पानापर्यंत फारसे चढत नाही. पानावर सापडणारे शिसे बहुतेक धूळ आणि पावसाच्या थेंबांनी उडालेली माती असते, आणि ते धुण्याने बरेच कमी होते. कॅडमियम मात्र जस्ताच्या वाटेने मुळात शिरते, पानात जाऊन बसते आणि कितीही धुतले तरी तिथेच राहते. शिजवून दोन्हीपैकी काहीच नष्ट होत नाही.

विहिरीचे पाणी पंप दहा मिनिटे चालवून मग भरा. धातूंसाठीची बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. त्यात त्यांनी आधीच थोडे नायट्रिक आम्ल घातलेले असते, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि आकडा खोटा कमी येतो. ती बाटली विसळायची नाही. दुसरी साधी बाटली क्लोराइड, क्षारता आणि अमोनियासाठी. पाणी काढताना स्वच्छ दिसते आणि अर्ध्या तासात बादलीत तांबूस होऊन तळाशी गंजासारखा साका बसतो का, ते बघा. तसे होत असेल तर खाली हवा नसलेल्या पाण्यात लोह विरघळून येते आहे, आणि डेपोच्या खालच्या अंगाला हे लीचेट पोचल्याचे जुने लक्षण आहे. बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून आणि मुरमाच्या थरातून चालते. म्हणून डेपोजवळची एखादी विहीर बरी निघते आणि लांबची बिघडते. शेजाऱ्याच्या अहवालावर आपले ठरवू नका. पाण्याचा नमुना मे महिन्याच्या शेवटी एकदा आणि पाऊस सुरू झाल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये एकदा, असा दोनदा द्या.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची हवी, आणि मान्यता 'माती, भाजी आणि पाण्यातले जड धातू' यांसाठी आहे ना, हे विचारा. मातीचे "एकूण" शिसे आणि कॅडमियम, म्हणजे तीव्र आम्लात पचवून मोजलेले, आणि त्यासोबत डीटीपीएमध्ये सुटणारे, असे दोन्ही मागा. भाजीसाठी आयसीपी-एमएस किंवा ग्राफाइट फर्नेस या, अगदी थोडा धातूही मोजणाऱ्या यंत्रांवरची तपासणी मागा. साध्या ज्वालेच्या यंत्रावर भाजीतले शिसे मोजायला गेले तर मर्यादेच्या आसपासचा आकडा त्या यंत्राला धड दिसत नाही आणि अहवालात "आढळले नाही" असे येते. त्या शब्दांवर खूश होण्याआधी कमीत कमी किती असेल तर दिसले असते, तो आकडा लिहून मागा.

अहवाल आल्यावर पहिला घोळ होतो तो ओल्या आणि कोरड्या वजनाचा. पालेभाजीसाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची, मर्यादा किलोमागे शिसे ०.३ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम आहे, पण ती ताज्या भाजीच्या वजनावर. प्रयोगशाळा पाला वाळवून, दळून मोजते आणि पुष्कळदा कोरड्या वजनाचाच आकडा छापते. पालकात ९० ते ९२ टक्के पाणी असते. समजा शिशाचा आकडा २.४ आला. तो कोरड्याचा असेल आणि पाणी ९२ टक्के असेल, तर २.४ ला ०.०८ ने गुणा: ताज्या भाजीत ०.१९, मर्यादेच्या आत. तोच आकडा ताज्याचा असेल तर मर्यादेच्या आठपट. म्हणून पाण्याची टक्केवारी अहवालात लिहून घ्यायला विसरू नका. मातीबाबत असे धरा: आपल्या भागातल्या स्वच्छ रानात शिसे किलोमागे साधारण १० ते ४० मिलिग्रॅम आणि कॅडमियम १ पेक्षा कमी असते. तुमचा आकडा दूरच्या रानाच्या दुप्पट-तिप्पट निघाला तर भर बाहेरून पडते आहे, मग तो कुठल्याही तक्त्याच्या मर्यादेत का असेना. विहिरीच्या पाण्याला दोन वेगळे माप लावावे लागतात. पिण्यासाठी लिटरमागे शिसे ०.०१, कॅडमियम ०.००३, निकेल ०.०२ मिलिग्रॅम, यापुढे नको. ओलितासाठी जगभर वापरतात त्या तक्त्यात कॅडमियम ०.०१ आणि शिसे चक्क ५ मिलिग्रॅमपर्यंत चालते, कारण शिसे मातीत बांधले जाते. तेव्हा "ओलिताला योग्य" असा शेरा आलेले पाणी नातीला आणि म्हशींना प्यायला चालेल असे समजू नका.

आता मोहरी. झाडे धातू ओढतात हे खरे आहे आणि त्यावर भरपूर संशोधन झाले आहे. पण एकराचा हिशेब कुणी सांगत नाही. मातीत किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅडमियम आहे आणि ते २ वर आणायचे आहे असे धरा. सुमारे २.४ किलो कॅडमियम काढावे लागेल. मोहरीचा एकरी ३ टन वाळका पाला आला आणि त्यात किलोमागे १० मिलिग्रॅम कॅडमियम चढले, तर एका पिकात निघतात ३० ग्रॅम. म्हणजे ऐंशीच्या आसपास पिके. शिशाचे तर विचारूच नका. २०० वरून १०० वर आणायला ७९ किलो काढायचे आणि एका पिकात ६० ग्रॅम निघाले तर तेराशे पिके लागतील. शिवाय ती मोहरी गुरांना घालायची नाही, जाळायची नाही, तिचे तेल काढायचे नाही. मग टाकणार कुठे? आणि ओढ्यातून नवे पाणी येतच असेल तर या सगळ्याला अर्थच नाही. शिसे सुटावे म्हणून काही जण जमिनीत ईडीटीए हे धातू सोडवणारे रसायन सोडायला सांगतात, ते तर अजिबात करू नका. सुटलेले शिसे आधी विहिरीत जाईल.

पुस्तकांत आणि व्हिडिओंत दुसरा सल्ला दिसतो, चुना टाका. तो कोकणातल्या किंवा गोव्यातल्या जांभ्या, आंबट जमिनीला बरोबर आहे. तिथे सामू ५ ते ६ असतो आणि कॅडमियम मोकळे फिरते. तुमच्या काळ्या रानाचा सामू बहुधा साडेसातच्या वर असेल, चुनखडीही असेल. ती जमीन शिसे आणि कॅडमियम आपणहून धरून ठेवते. तुमच्या जमिनीचे हे मोठे बळ आहे आणि ते घालवायचे नाही. म्हणून सामू उतरवण्यासाठी गंधक टाकणे, अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षे ओतणे टाळा. चांगले कुजलेले, घरच्या म्हशींचे शेणखत एकरी ५ ते ८ टन दरवर्षी द्या. त्यातला कर्ब धातू बांधतो. जस्त पाहा: डीटीपीए जस्त किलोमागे ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तरच एकरी १० किलो झिंक सल्फेट द्या, कारण जस्ताची उपासमार असलेले पीक कॅडमियम जास्त घेते. डेपोच्या पाण्याच्या पट्ट्यात जस्त बहुधा भरपूर असेल, मग काही टाकू नका. आणि क्षारांकडे पुन्हा एकदा बघा. क्लोराइड कॅडमियमला धरून मातीतून सोडवते आणि मुळापर्यंत नेते. खारट पाणी थांबवणे हा म्हणूनच कॅडमियमवरचाही उपाय आहे.

तेव्हा खरे काम ओढ्यावर आहे. ओढ्याच्या कडेने पट्ट्याच्या लांबीइतका मातीचा पक्का बांध घाला, दीड-दोन फूट उंच, आतल्या बाजूला २ फूट खोल चर काढून चराचे पाणी तुमच्या हद्दीच्या खाली ओढ्यातच परत जाईल असा उतार द्या. शेजाऱ्याच्या रानात सोडू नका. चरात साचणारा गाळ दर उन्हाळ्यात काढावा लागेल, आणि तो गाळ रानात पसरायचा नाही, हे सगळ्यात जास्त विसरले जाते. ओलीत ठिबकवर घ्या. तुषार सिंचनाने पाण्यातले सगळे पानावर बसते. उसाचे पाचट किंवा मल्चिंग पेपर अंथरला की थेंबांनी माती उडणे थांबते. धुतलेल्या आणि न धुतलेल्या पालकाच्या आकड्यांत मोठा फरक आला असेल, तर निम्मे काम याने होईल. ईसी, म्हणजे पाण्याची क्षारता, मोजायचा पेनसारखा मीटर घरी ठेवा. विहिरीच्या पाण्याचा आकडा ३००० मायक्रोसीमेन्सच्या पुढे गेला की ते पाणी भाजीला देऊ नका, आणि एका पावसात आकडा एकदम उसळला तर काळे पाणी पोचले असे समजून नमुना भरा.

खालच्या पट्ट्यात पीक बदला. पालक, माठ, मेथी, कोथिंबीर, अळू, मुळा, गाजर, बीट तिथे नकोत. सूर्यफूल आणि भुईमूगही कॅडमियम घेतात, तेही नकोत. फळभाज्यांच्या फळात धातू फार कमी पोचतात: भेंडी, गवार, टोमॅटो, आणि मांडवावरचे दोडका, दुधी, कारले त्यातल्या त्यात बरे, पण पहिल्या तोड्याचा नमुना तपासूनच विका. आमची पहिली पसंती फुलांना आहे. झेंडू, शेवंती, ॲस्टर, निशिगंध. बाजार तुमच्याजवळ आहे, दसरा-दिवाळीला भाव मिळतो आणि कुणाच्या ताटात काही जात नाही. घरापुरती पालेभाजी हवीच असेल तर वरच्या पट्ट्यात, खाली जाड प्लॅस्टिक नव्हे तर गोणपाट अंथरून, बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचा ३० सेंटिमीटर उंच गादीवाफा करा. प्लॅस्टिकने पाणी तुंबते.

नातीची काळजी भाजीपेक्षाही धुळीची करा. लहान मूल हात तोंडात घालते, आणि मोठ्यांच्या मानाने मुलांच्या आतड्यातून शिसे कितीतरी जास्त शोषले जाते. रानातल्या चपला-कपडे घराबाहेर, जेवणाआधी साबणाने हात, फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, एवढे आजपासून. बालरोगतज्ज्ञांकडून तिच्या शिरेतल्या रक्तातले शिसे एकदा तपासून घ्या. डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आले, तर कुठून येते ते शोधून थांबवायचे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले आहे. सोबत हिमोग्लोबिन आणि लोहही बघा; लोह कमी असलेले मूल शिसे जास्त शोषते. केसांची तपासणी, शरीर 'शुद्ध' करणारी चूर्णे यांत पैसे घालू नका.

म्हशी डेपोकडे किंवा ओढ्याकाठी चरायला सोडू नका. गुरे गवतासोबत माती खातात आणि फुटक्या बॅटरीच्या प्लेटा चाटतात. दात खाणे, भिंतीला डोके टेकून उभे राहणे, अचानक न दिसणे ही शिशाच्या विषबाधेची लक्षणे आहेत, लगेच पशुवैद्य बोलवा. खालच्या पट्ट्याचा घास किंवा गिन्नी गवतही अहवाल येईपर्यंत त्यांना घालू नका.

आणि हे सगळे एकट्याने सोसायचे नाही. डेपोची जबाबदारी तो चालवणाऱ्या संस्थेची आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचराभूमी वस्तीपासून आणि पिण्याच्या विहिरींपासून २०० मीटर, नदीपासून १०० मीटर दूर हवी असे होते, आणि लीचेट बाहेर वाहू देणे तर मुळीच बसत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तक्रारीत नमुने त्यांच्या अधिकाऱ्यासमोर, पंचनामा करून घ्यावेत अशी मागणी स्पष्ट लिहा, कारण आपण स्वतः नेलेला नमुना पुढे सहज नाकारला जातो. प्रत तहसीलदार, तालुका कृषी अधिकारी आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेला. काळे पाणी शिरत असताना तारीख-वेळ दिसेल असे फोटो, सातबारा, पीकपेरा, बाजाराच्या पट्ट्या एका फाइलीत ठेवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे. या न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्याच्या कलम १५ खाली नुकसानभरपाईचा अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून ५ वर्षांत करावा लागतो, आणि कलम १४ खालच्या वादाला मुदत फक्त ६ महिन्यांची आहे. वकिलाच्या खर्चाला घाबरू नका: तालुका विधी सेवा समितीकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज तुमच्या नावाने करा.